अडतीस पॉइंट एक्केचाळीसवाली

श्रावणात जव्हारला दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. धुकं खिडकीतून आत येतं, खोलीत हिंडतं आणि जाताना सगळ्याला थोडं थोडं ओलं करून जातं. अशाच एका रविवारी दुपारी मुलींच्या वसतिगृहात प्रतिक्षा कॉटवर आडवी पडून एक कागद वाचत होती, आणि वाचता वाचता तिला झोप लागली.

कागद हेमंत सरांनी दिलेला होता. त्यावर कॉलेजांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे तीन वर्षांचे कट-ऑफ. कट-ऑफ म्हणजे त्या वर्षी त्या कॉलेजात सगळ्यांत शेवटी ज्याला जागा मिळाली, त्याचे पर्सेंटाइल. सरांनी आदिवासी मुलींच्या राखीव जागांचे आकडे पिवळे रंगवून दिले होते. प्रतिक्षाला दोनच ओळींशी घेणं होतं. एक कोकणातलं कृषी महाविद्यालय, समुद्राजवळचं: बावन्न, चोपन्न, पंचावन्न. दुसरं घाटावरचं, दुसऱ्या विद्यापीठाचं: एकाहत्तर पॉइंट वीस, एकोणसत्तर पॉइंट ऐंशी आणि गेल्या वर्षी एकदम अडतीस पॉइंट एक्केचाळीस.

प्रतिक्षाला सीईटीत सत्तावन्न पॉइंट तीस होते.

झोपेत तिला जव्हारजवळच्या शिरपामाळाकडे जाणारी वाट दिसली. वाट ओली होती आणि पुढे धुक्यात एक मुलगी चालत होती. पाठीला सॅक, चपला हातात. तिला हाक मारावी असं प्रतिक्षाला फार वाटत होतं, पण नाव ठाऊक नव्हतं. शेवटी तिने आकड्यानेच हाक मारली. मुलगी थांबली, मात्र मागे वळली नाही. तेवढ्यात खाली चहाची घंटा झाली आणि प्रतिक्षा उठून बसली. कागद तिच्या गालाला चिकटला होता.

प्रतिक्षा मुळातच अशी. वर्गात बसली की खिडकीबाहेर बघायची, आणि हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. पण तिला झाडं, बियाणं, पिकं यांतलं एकदा सांगितलेलं कधी विसरायला होत नसे. ती साखरशेतची. वडील भिका, आई कोंडी. खाली भाताची दोन खाचरं आणि वर माळावर नाचणी, वरई. ती नववीत असताना त्या घाटावरच्या विद्यापीठाच्या एक मॅडम साखरशेतला आल्या होत्या. त्यांनी बांधावर बसून कोंडीला नाचणीच्या जातींची नावं विचारली. कुठली लवकर येते, कुठलीची भाकरी गोड लागते, कुठलीला पाखरं खात नाहीत. कोंडी सांगत गेली आणि मॅडम वहीत लिहीत गेल्या. आपल्या आईचं बोलणं कुणी लिहून घेतंय, आणि ते कुणाचं रोजचं काम आहे, हे प्रतिक्षाला एखाद्या गोष्टीतल्यासारखं वाटलं होतं. तेव्हापासून तिला त्याच कॉलेजात जायचं होतं. ते कसं दिसतं, हे तिला माहीत नव्हतं. तिने ते मनातच बांधून ठेवलं होतं: उंचावर, कोरडं, आणि भोवती नुसती शेतं.

सोमवारी ती सरांकडे गेली. हेमंत सर गणिताचे. त्यांच्या वडिलांचं जव्हारच्या बाजारात किराणा दुकान होतं. सर शिकून आले आणि इथेच शिकवायला लागले, त्याला बावीस वर्षं झाली. दरवर्षी बारावीच्या मुलांचे प्रवेशाचे फॉर्म तेच भरून घेत. प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनी एक तक्ता लावला होता, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: गेल्या वर्षी आपल्या ९४ टक्के विद्यार्थ्यांना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. सतरा मुलांपैकी सोळा. पालक आले की सर त्यांना आधी तो तक्ता दाखवत. जिल्ह्यात इतका आकडा कुणाचा नाही, असं म्हणत, आणि ते खरंही होतं.

प्रतिक्षाने घाटावरच्या कॉलेजाचं नाव काढलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले की ते डोक्यातून काढून टाक. तिथे आपल्या विभागाबाहेरच्या आदिवासी मुलींना दोनच जागा असतात, आणि सत्तरच्या खाली तिथे कुणी जात नाही. तिने अडतीसवर बोट ठेवलं. सरांनी चष्मा पुसला. तो आकडा त्यांनाही बोचत होता, हे दिसत होतं. एक तर काहीतरी चूक झाली असेल, ते म्हणाले, किंवा कॉलेजच घसरलं असेल. एका वर्षात सत्तरवरून अडतीसवर येणारं कॉलेज चांगलं कसं म्हणायचं? कोकणातलं कॉलेज दरवर्षी थोडं थोडं वर चढतंय. तुझे सत्तावन्न आहेत. ते पहिलं लिही, पहिल्याच राउंडला मिळेल आणि विषय संपेल. ऑप्शन फॉर्म भरायची मुदत गुरुवारी संध्याकाळपर्यंत होती.

सरांचं बोलणं बरोबर वाटत होतं, पण प्रतिक्षाचं मन त्या आकड्यापाशीच राहिलं. संध्याकाळी तिने मैत्रिणीच्या मोबाइलवर गेल्या वर्षीच्या शेवटच्या राउंडची कॉलेजवार यादी उघडली. बारीक अक्षरांची शेकडो पानं होती. घाटावरचं कॉलेज सापडायला अर्धा तास लागला. आदिवासी मुली, विभागाबाहेरील, जागा दोन. एका जागेपुढे रिकामं. दुसऱ्या जागेपुढे लिहिलं होतं: झुगरे पुष्पा. अडतीस पॉइंट एक्केचाळीस.

प्रतिक्षाने ते नाव दोन-तीनदा वाचलं. झुगरे मोखाड्याकडे असतात. म्हणजे ती मुलगी कुठली दूरची नव्हती. इथलीच होती, एकाच डोंगराच्या पलीकडची.

मंगळवारी भिका आदिवासी प्रकल्प कार्यालयात तिच्या जात पडताळणीचे कागद घेऊन आला. काम लवकर आटोपलं. एसटी डेपोबाहेर चहा घेताना प्रतिक्षाने त्याला सगळं सांगितलं आणि मोखाड्याला चल म्हणाली. भिका कमी बोलणारा माणूस. त्याने चहा संपवला, कागदांची पिशवी शर्टाच्या आत घातली, आणि समोर मोखाड्याची गाडी लागलेली होती तिच्यात जाऊन बसला.

गाडी धुक्यातून चालली होती. वळणावर मधेच दरी उघडायची, तिच्यात हिरवं काहीतरी दिसायचं आणि लगेच मिटायचं. प्रतिक्षाला डुलकी लागत होती. पुष्पा झुगरे कशी असेल, याची तिने मनात दोन-तीन रूपं करून पाहिली. एका रूपात ती कॉलेज सोडून परत आली होती आणि कुणाशी बोलत नव्हती. अडतीसवाल्या मुलीचं घाटावर काय झालं असणार? ते रूप तिला आवडलं नाही, पण ते जाईना.

मोखाड्याला उतरल्यावर भिकाने पहिल्याच टपरीवर विचारलं, झुगऱ्यांची पोर शेतीचं शिकायला गेली ती कुठली? टपरीवाल्याने लगेच पाडा सांगितला. अशी पोर एकच होती. पुढे जीपने चार किलोमीटर आणि मग पायवाट.

पुष्पाची आई गोदी उतारावरच्या नाचणीत निंदायला बसली होती. डोक्यावर इरलं, हातात खुरपी. अनोळखी माणसं बांधावर उभी राहिलेली पाहून ती उठली नाही, फक्त खुरपी थांबवली.

"कोनाची गं तू?"

प्रतिक्षाने गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि पुष्पाताईला भेटायचं होतं असं म्हणाली. पुष्पा घरी नाही, तिकडेच आहे, दिवाळीला येईल, असं गोदी म्हणाली. तिकडेच आहे, हे ऐकून प्रतिक्षाच्या मनातलं गाडीतलं ते रूप गेलं. भिका एव्हाना खाली बसून नाचणीच्या ओळीतलं तण उपटायला लागला होता. दुसऱ्याच्या शेतात नुसतं उभं राहायचं, हे त्याला जमत नसे. गोदीने ते पाहिलं आणि मग ती मोकळी बोलू लागली. पोर बारावीला चांगली पास झाली होती, ती म्हणाली, पण त्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी तिला ताप होता. नाशिकला नेलं, पोर परीक्षेत बसली, बाहेर आली ती भिंतीला धरून. मार्क कमी पडले. सगळे म्हणाले आता काय मिळत नाही.

"मग मिळालां कसां?" भिकाने विचारलं.

"काय म्हाईत. तिनां लिवलां न् मिळालां."

गोदीने मोबाइल काढला आणि पुढे होऊन चढू लागली. पाड्याच्या वर एक सपाट खडक होता. रेंज फक्त तिथेच यायची. खडकावर आधीच एक म्हातारा मुंबईतल्या मुलाशी बोलत बसला होता. त्याचं होईपर्यंत तिघं बाजूला थांबली. खाली सगळा उतार धुक्याने भरला होता. मधूनच ऊन यायचं आणि धुक्याच्या आत नाचणीची शेतं पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. प्रतिक्षाला वाटलं, आपण हे आधी कधीतरी पाहिलंय.

फोन लागला. गोदीने स्पीकर लावून तो प्रतिक्षाच्या हातात दिला. पलीकडचा आवाज स्वच्छ होता, पण मधेच तुटायचा आणि पुन्हा जुळायचा. प्रतिक्षाने अडखळत सांगितलं की मी यादीत तुझे मार्क बघितले आणि तू कशी गेलीस ते मला समजत नाही.

पुष्पा हसली. ती म्हणाली, "मला कट-ऑफ बघायला कुणी सांगितलंच नव्हतं. मोखाड्याला दुकानात फॉर्म भरला. तो म्हणाला, पहिलं काय लिहू? मी म्हटलं, जिथं जायचंय ते लिहा. म्हणाला, दुसरं? म्हटलं, ते नाही मिळालं तर जिथं जाईन ते. अशी वीस लिहिली. दोन राउंड कुठंच काही आलं नाही. तिसऱ्यात पहिलंच आलं."

"तिथं कसं आहे?"

पुष्पा सांगू लागली. सुरुवातीला मुली पर्सेंटाइल विचारायच्या आणि तिने सांगितलं की गप्प व्हायच्या. इंग्रजी पुस्तकं वाचायला अजून वेळ लागतो. पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता, तो आता सुटला. मातीच्या विषयात ती वर्गात तिसरी आली. "आता तो आकडा कुणी विचारत नाही," ती म्हणाली. "इथं आल्यावर दुसरे आकडे सुरू होतात." नाचणीवाल्या मॅडमबद्दल प्रतिक्षाने विचारलं, आणि पुष्पा म्हणाली की आहेत, पांढऱ्या केसांच्या. एवढ्यात फोन कटला. पुन्हा लावला तर लागला नाही.

परतीच्या गाडीत जव्हार जवळ आल्यावर भिका म्हणाला, "त्या पोरीनां चांगला विचार केला."

बुधवारी सकाळी प्रतिक्षाने सरांना सगळं सांगितलं. सर आधी ऐकत होते ते नुसतं कौतुकाने. मग वीस नावं आणि तिसरा राउंड हे शब्द आल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि गेल्या वर्षीच्या तिन्ही राउंडच्या याद्या संगणकावर शेजारी शेजारी उघडल्या. पहिल्या राउंडला त्या दोन जागांतल्या शेवटच्या मुलीचे बहात्तर होते. दोघीही दुसरीकडे गेल्या. दुसऱ्या राउंडला सत्तर. त्याही गेल्या. तिसऱ्या राउंडला अडतीस पॉइंट एक्केचाळीस, आणि दुसरी जागा रिकामीच राहिली.

सर पडद्याकडे बघत राहिले. सत्तर आणि अडतीस यांच्या मधे किती मुली असतील, असं त्यांनी विचारलं, तिला नव्हे, स्वतःलाच. त्यांनी गुणवत्ता यादी उघडली आणि बोटाने मोजत गेले. शंभराच्या वर मुली होत्या. साठ, पंचावन्न, अठ्ठेचाळीसवाल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना आणखी कुठे जागा मिळाली नव्हती, आणि तरीही त्या कॉलेजाचं नाव कुणी लिहिलं नव्हतं, कारण प्रत्येकीने आदल्या वर्षीचे सत्तर वाचले होते. वाचले नव्हते ते फक्त पुष्पाने.

"त्यातल्या तीन माझ्याच वर्गात होत्या," सर म्हणाले. "मीच त्यांना लिहू दिलं नाही."

मग ते उठले आणि कपाटातून गेल्या वर्षीची फाइल काढली. प्रतिक्षा जायला निघाली होती, पण त्यांनी तिला बस म्हटलं. फाइलमध्ये प्रत्येक मुलाचा फॉर्म होता आणि त्याच्यामागे पेन्सिलने लिहिलेली त्याची आधीची यादी, सरांनी बदलायला लावण्यापूर्वीची. सर एकेक फॉर्म घेऊन मुलाला मनापासून हवं असलेलं कॉलेज आणि त्याचा शेवटच्या राउंडचा आकडा ताडून पाहत होते. बाहेर पोरं डबे उघडून बसली होती, त्यांचा गलका लांबून आल्यासारखा येत होता. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालेल्या सोळा मुलांपैकी सात जणांना ते मनातलं कॉलेज मिळालं असतं. त्यांतल्या विनोदला तर दुसऱ्याच राउंडला मिळालं असतं. पण पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या राउंडला जाता येत नाही. आणि सरांनी सगळ्यांची पहिली पसंती हमखास मिळेल अशीच लिहून घेतली होती. चौऱ्याण्णव टक्के आले होते ते त्यामुळे.

सर असं का करत होते, हे त्यांनी त्या दिवशी प्रतिक्षाला सांगितलं. आठ वर्षांपूर्वी कमलेश नावाचा एक हुशार मुलगा होता. त्याने तीनच नावं लिहिली होती, तिन्ही मोठी, आणि त्याला कुठेच जागा मिळाली नाही. तो नंतर शिकलाच नाही. ठाण्याला गोदामात लागला. सरांना तो एसटी स्टँडवर भेटला की तोच ओशाळून बाजूला व्हायचा, आणि सरांना ते सहन व्हायचं नाही. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की आपल्या एकाही मुलाला असं रिकाम्या हाताने परत येऊ द्यायचं नाही.

"पण त्याने खाली आणखी नावं लिहायला हवी होती," प्रतिक्षा म्हणाली. "बाकीच्यांची वरची खोडायला नको होती."

सरांनी मान हलवली. तिच्या तोंडून ते फार सोपं वाटत होतं. मग त्यांनी माहिती पुस्तिका उघडून पुन्हा एकदा सगळे नियम वाचले, जणू पहिल्यांदाच वाचत होते. प्रवेश देणारं यंत्र गुणवत्तेच्या क्रमाने एकेका मुलाकडे येतं, त्याची यादी वरून खाली वाचतं आणि जिथे जागा असेल तिथे थांबतं. वर मोठं नाव लिहिलं म्हणून ते कुणावर रागावत नाही. खालची जागा त्यामुळे हातची जात नाही.

त्या दुपारी सरांनी वर्गातल्या चौदाही मुलांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि आपण चुकलो हे सांगितलं. मुलांना नेमकं काय चुकलं ते आधी कळेना. सर चुकतात, हेच त्यांना नवीन होतं. सरांनी तक्ता भिंतीवरून काढला नाही, पण त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. कट-ऑफ म्हणजे कॉलेजाची उंची नाही, ते म्हणाले, तो एका शेवटच्या माणसाचा आकडा आहे, आणि जागा दोनच असतील तर तो माणूस दरवर्षी कुणीही असू शकतो. तीन वर्षांच्या आकड्यांवरून चौथं वर्ष ठरत नाही. सगळ्यांनी आपल्या याद्या पुन्हा लिहाव्यात. आधी मनातलं, मग त्याखालचं, आणि अगदी शेवटी नक्की मिळेल असं, पण ते असलंच पाहिजे.

मुलं पांगल्यावर त्यांनी प्रतिक्षाला थांबवलं.

"एक लक्षात ठेव. यंदा सगळ्या मुली हा अडतीसचा आकडा बघणार. बघून सगळ्याच लिहिणार. मग तो वर जाईल. अडतीस हे कुणी दिलेलं वचन नाही."

"माहीत आहे, सर."

"तरी लिहिणार?"

"हो."

गुरुवारी तिने बावीस नावांचा फॉर्म भरला. पहिलं घाटावरचं, दुसरं कोकणातलं.

मग वाट पाहण्याचे दिवस आले. वसतिगृहातल्या मुली एकेक करून सामान बांधू लागल्या. पहिल्या राउंडला प्रतिक्षाला कोकणातलं कॉलेज मिळालं, तिची दुसरी पसंती. तिने जागा राखून ठेवली आणि पुढच्या राउंडसाठी थांबली. घाटावरचा आकडा पहिल्या राउंडला एकाहत्तर होता, दुसऱ्याला चौसष्ट. आकडा खाली उतरत होता आणि ती खाली उभी राहून त्याची वाट बघत होती, झाडावरून उतरणाऱ्या माणसाची बघावी तशी. या दिवसांत ती साखरशेतला घरीच होती. सकाळी आईबरोबर नाचणी निंदायची, आणि दुपारी ओसरीवर पडल्या पडल्या तिला कधी ते उंचावरचं कोरडं गाव दिसायचं, कधी न पाहिलेला समुद्र. दोन्ही सारखीच खरी वाटायची. कोंडी तिला कामाला हाक मारायची नाही. पोर कुठेतरी गेली आहे, येईल परत, अशा नजरेने बघायची.

तिसऱ्या राउंडला घाटावरची जागा एकोणसाठ पॉइंट शून्य सहाला बंद झाली. प्रतिक्षाला पावणेदोन कमी पडले.

सरांनी स्वतः फोन करून ते सांगितलं. त्यांचा आवाज तिच्यापेक्षा जास्त पडला होता. ती म्हणाली, ठीक आहे सर, आणि फोन ठेवून पडवीत जाऊन बसली. तिला रडू आलं, पण थोडंच. तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. तिने एक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासून पाहिली: हे नाव लिहिलं नसतं तर आपण आज काय म्हणालो असतो? आपल्याला पहिली पसंती मिळाली, असं सगळ्यांना सांगितलं असतं. आणि मनातलं ते उंचावरचं गाव कुणाला न सांगता तिथेच ठेवलं असतं, जन्मभर. आता निदान ते विचारून झालं होतं. तिथून नाही असं उत्तर आलं होतं.

वर्गातल्या चौदाही जणांना कुठे ना कुठे जागा मिळाली. पहिली पसंती चौघांनाच. पण पाच जण अशा कॉलेजांत गेले की ज्यांची नावं सरांनी पूर्वी खोडून टाकली असती. त्यांतली प्रांजल तर पुण्याला गेली. सरांनी विनोदला एक पत्र लिहिलं, असं नंतर कळलं. पत्रात काय होतं ते कुणाला माहीत नाही. विनोदने त्यांना फोन केला आणि दोघं बराच वेळ दुसऱ्याच विषयावर बोलले.

भाद्रपदात भिका तिला कॉलेजात पोहोचवायला गेला. पनवेलला गाडी बदलली, मग आणखी एकदा बदलली. दुसरी गाडी लाल मातीच्या वळणांवरून हळूहळू उतरू लागली तसा हवेला एक वेगळा, खारा ओलावा आला. प्रतिक्षाचं डोकं खिडकीला टेकलेलं होतं. जागं व्हावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. कॉलेजच्या फाटकाशी उतरल्यावर समुद्र दिसला नाही. नारळांच्या मागे कुठेतरी तो एकसारखा घुमत होता, आणि डाव्या हाताला रस्त्यालगत भाताचे लहान लहान चौकोन होते. प्रत्येक चौकोनात पत्र्याची पाटी, पाटीवर जातीचं नाव आणि लावणीची तारीख.

कागदपत्रं दाखवून, खोली मिळून, ट्रंक आत ठेवून झालं. आता निघतो, म्हणून भिका फाटकाकडे गेला. अर्ध्या तासाने प्रतिक्षा पाण्याची बाटली द्यायला मागे गेली तर तो त्या चौकोनांपाशी उकिडवा बसला होता. समोर चिखलात उभ्या असलेल्या एका बाईला तो काहीतरी समजावत होता. ती तिथली रोजची कामकरीण होती.

"ही लावनी दाट झाले," तो म्हणत होता. "फुटवां कुठनां येतील?"

"सायेब टेप लावून मोजतात," बाई म्हणाली. "आमी मोजल्यावानी लावतो."

"कोन सायेब?"

बाईने लांब कुठेतरी हात केला. एक तरुण मास्तर छत्री घेऊन बांधावरून येत होते. भिका उठून उभा राहिला, हाताचा चिखल त्याने पायजम्याला पुसला, आणि जन्मात पहिल्यांदाच अनोळखी साहेबाशी स्वतःहून बोलायला पुढे गेला. प्रतिक्षा बाटली घेऊन तिथेच थांबली. मास्तर ऐकत होते, मधे काही विचारत होते. मग त्यांनी छत्री काखेत धरून खिशातून वही काढली.

तीनची गाडी गेली. पुढची पाच वाजता होती. बापलेक वसतिगृहाच्या पायरीवर जाऊन बसले आणि कोंडीने बांधून दिलेली नाचणीची भाकरी त्यांनी अर्धी अर्धी खाल्ली.